चौथीच्या वर्गात काय शिकवतात?



लागण, खोडवा, काटा, बिल हे विषय या पत्रिकेत नेहमीचेच. या अंकात थोडे वेगळे बोलू. आपली पोरे शाळेत जातात, पण तिथे नेमके काय शिकतात हे आपल्यापैकी किती जण विचारतात? पास की नापास, एवढ्यावर आपले भागते. म्हणून आम्ही गटातल्या एका जिल्हा परिषद शाळेत जाऊन चौथीच्या वर्गात बसलो.

आधी वाचन. पहिली-दुसरीत काना, मात्रा, वेलांटी, मग जोडाक्षरे. चौथीत नुसते घडाघडा वाचून चालत नाही. धडा झाला की गुरुजी पुस्तक मिटायला लावतात आणि म्हणतात, "आता तुझ्या शब्दांत सांग." खरी परीक्षा ती. केंद्र शासनाने 2021 साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानाचाही रोख हाच आहे : तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आले पाहिजे. कारण पुढचे सगळे विषय वाचूनच शिकायचे असतात. नांग्या वेळेवर भरल्या नाहीत तर पुढे कितीही खत टाका, फड विरळच राहतो. तसेच हे.

लेखनात श्रुतलेखन, पत्र आणि छोटा निबंध असतो. घरी करून घेण्याजोगा एक सोपा अभ्यास सांगतो. काटा-पावती मुलाच्या हातात द्या. सभासदाचे नाव, उसाची जात, भरल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, निव्वळ वजन हे त्याला वाचू द्या आणि वहीत उतरवू द्या. वजाबाकीही आपोआप होते, आणि पावती तपासली जाते ते वेगळेच!

परिसर अभ्यासात दिशा, नकाशा, पाणी, आपला जिल्हा आणि आपले राज्य येते. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास तर कित्येक पिढ्या शिकत आल्या आहेत. तिसरीचे पुस्तक आजवर जिल्हावार निघत आले. म्हणजे बीडच्या मुलाचे पुस्तक वेगळे, आपल्याकडचे वेगळे.

आणि नेमके इथेच आम्ही थांबलो. दिवाळीनंतर आपल्या शिवारात कोपी घालून राहणाऱ्या तोडणी मजुरांची पोरे याच वयाची असतात. गावाकडे शाळा सुरू होते जूनमध्ये. आपला गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. म्हणजे पुस्तकाचा पहिला अर्धा भाग गावी होतो आणि दुसरा अर्धा फडात बुडतो. आईबाप कोयता चालवतात, थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते, पोरगा वाढे गोळा करतो. अशी दोन-तीन वर्षे गेली की चौथीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नाही. त्यात त्याचा दोष काय?

कायदा मात्र त्यांच्या बाजूचा आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे वर्ग द्यायचा आणि मागे राहिलेल्याची विशेष तयारी करून घ्यायची, असेही त्यात आहे.

तेव्हा आपण काय करायचे? आपल्या उसात टोळी आली की मुकादमाला विचारा, शाळेच्या वयाची पोरे किती? जवळच्या शाळेच्या गुरुजींना कळवा. पोराच्या हाती मोळी बांधायचे काम देऊ नका, कुणी दिले तर थांबवा. आपला पोरगा शाळेत निघाला की त्या कोपीतल्या पोरालाही बरोबर घ्यायला सांगा. याला पैसा लागत नाही.

कारखाना उभा राहिला तो एकमेकांच्या आधाराने. आपला ऊस ज्यांच्या हातांनी गव्हाणीपर्यंत पोचतो, त्यांच्या पोरांची पाटी कोरी राहू नये, एवढीच सर्व सभासदांना आमची विनंती.