टोमॅटोची फुलं गळतात, ती खताअभावी नव्हे

गणपतीपुळ्याच्या आगरांत माडा-पोफळींच्या कडेला टोमॅटो लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. झाड कमरेला आलं, फुलं लागली, पण फळ एकही धरत नाही. मग झाड उपाशी आहे असं समजून बुंध्याशी युरियाची मूठ पडते आणि दुखणं वाढतं. नत्र जास्त झालं की झाड पालाच वाढवत बसतं.

‘सगळी नर फुलं असतील’, हा दुसरा समज. भोपळ्यात आणि काकडीत नर-मादी फुलं वेगळी असतात. हापूसच्या मोहोरातही नर फुलांचाच भरणा असतो. टोमॅटोचं फूल मात्र द्विलिंगी. पुंकेसरांची पिवळी नळी आणि तिच्याच पोटात स्त्रीकेसर, त्यामुळे पराग सुटायला नुसता हादरा पुरतो. तो वारा देतो, नाहीतर फुलाला धरून अंग थरथरवणारा भुंगा. मधमाश्या नाहीत म्हणून फळधारणा अडत नाही.

अडते ती हवेमुळे. टोमॅटोला रात्री साधारण १५ ते २० अंशांचा गारवा मानवतो. रात्र २४ अंशांच्या वर राहिली किंवा दिवस ३५ च्या पुढे गेला, की पराग निकामी होऊ लागतात. समुद्र रात्री हळूहळू निवतो, म्हणून किनाऱ्यावरच्या रात्री घाटावरच्यासारख्या गार होत नाहीत. त्यात दमट हवा. परागाच्या गुठळ्या होतात, ते नळीतून सुटतच नाहीत. शिवाय पराग कळीतच तयार होतो, त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्याचा फटका आठ-दहा दिवसांनी उमलणाऱ्या फुलाला बसतो. तोवर हवा निवळलेली असते आणि दोष जातो खताकडे.

गळणारं फूल जवळून बघा. देठाच्या मध्यावर एक गाठ असते. फळ धरलं नाही की तिथे पिवळं पडतं आणि बोट लागताच फूल तुटतं. आता सकाळी दहाच्या सुमारास, दव वाळल्यावर, ताज्या फुलाखाली अंगठ्याचं नख धरून देठाला टिचकी मारा. नखावर पिवळी भुकटी पडली तर पराग सुटतोय. रोज अशाच टिचक्या दिल्या तर फळ धरायला मदत होते. काहीच पडलं नाही, तर गारव्याची वाट पाहावी. औषधांवर पैसे घालवू नयेत.

पाणी नेमाने द्या, माडाच्या सावलीत रोप लावू नका. बी सप्टेंबरअखेर टाका आणि रोपं ऑक्टोबरच्या शेवटी लावा, म्हणजे फुलांचा बहर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येईल.