बोलल्याविना (भाग ९) : पाटावर मांडलेला दिवस

या आठवड्यात दिव्यांग प्रमाणपत्राच्या कागदपत्रांबद्दल लिहायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या भागात. किन्हवलीकडच्या एका आईचा प्रश्न आला आहे आणि मे महिना सरण्याआधीच तो घ्यायला हवा. तिचा मुलगा बोलत नाही. सुट्टी लागल्यापासून तो रोज सकाळी दप्तर घेऊन दारात उभा राहतो आणि अडवलं की स्वतःच्याच हाताला चावतो. ‘त्याला दिवसभर कशात गुंतवू?’ असं ती विचारते.

या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न आहे. शाळा बंद झाली हे त्या मुलाला सांगितलं कोणी, आणि कसं? बाकीच्या पोरांना परीक्षा, निकाल, मामाचं गाव हे सगळं बोलण्यातून कळत जातं. ज्याच्यापर्यंत शब्द धड पोचत नाहीत, त्याची शाळा एका सकाळी नुसती नाहीशी होते. हातात मोबाइल दिला तर तो घटकाभर गप्प बसेल, पण धास्ती जात नाही. पुढे काय होणार आहे ते त्याला दिसलं पाहिजे. गुंतवणं त्यानंतरचं, आणि पुष्कळ सोपं.

हे दाखवण्याची एक जुनी रीत आहे. नेदरलँड्समधल्या सिंट-मिखिल्सगेस्टेल इथे १९६०च्या दशकात यान फान डाइक बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्या मुलांना शिकवत होते. आईला गरोदरपणी रुबेला झाल्यामुळे त्यांतली अनेक मुलं तशी जन्मली होती. त्यांना ना चित्र दाखवता येत होतं, ना शब्द ऐकवता. मग दिवस सांगायचा कसा? फान डाइक यांनी वस्तू वापरल्या. पुढे जे व्हायचं, त्याची खूण असलेली वस्तू मुलाच्या हातात द्यायची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांनीही स्वमग्न मुलांसाठी वेळापत्रक डोळ्यांना दिसेल असं मांडण्यावर भर दिला.

शहापूर-मुरबाडच्या घरात त्यासाठी विकत काहीच आणावं लागत नाही. पडवीत एक पाट ठेवायचा. त्यावर डावीकडून ओळीनं तांब्या म्हणजे आंघोळ, ताटली म्हणजे न्याहारी, परडी म्हणजे चिंचा. त्या त्या कामाला निघताना मुलानं ती वस्तू स्वतः उचलून न्यायची आणि काम झालं की शेजारच्या टोपलीत टाकायची. टोपलीत गेलं ते संपलं. पहिले काही दिवस दोनच वस्तू पुरेत. मात्र आज स्टीलचा तांब्या आणि उद्या प्लास्टिकचा मग, असं करू नये. दप्तरही त्यानंच एकदा आपल्या हातानं पेटीत ठेवावं. घरच्यांनी लपवलं तर तो शोधत बसेल.

आयआयटी मुंबईत तयार झालेलं ‘जेलो’ हे चित्रांवर बोट ठेवताच बोलणारं ॲप चांगलं आहे. पण या भागातल्या बऱ्याच घरांत चालणारा फोन एकच असतो, आणि तो सकाळीच वडिलांबरोबर आसनगावला लोकल धरायला किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत जातो. पाट दिवसभर घरीच असतो.

आता परडीतल्या चिंचांकडे. न बोलणाऱ्या मुलासाठी चिंचा फोडण्याइतकं बेतशीर काम सापडणं कठीण. टरफल एकीकडे, गर एकीकडे, चिंचोके तिसरीकडे. काय करायचं ते समोरच दिसतं, बोटांना काम मिळतं आणि परडी रिकामी होते तेव्हा काम संपल्याचं कोणी सांगावं लागत नाही. ‘बस झालं म्हणेपर्यंत कर’ असलं काम या मुलांना छळतं. म्हणून थोड्याच चिंचा मोजून द्याव्यात. तोंडात किंवा नाकात वस्तू घालणारं मूल असेल, तर चिंचोके अजिबात नकोत. त्यानं कपड्यांच्या घड्या घालाव्यात, कांदे-बटाटे वेगळे करावेत.

खरी अडचण टँकरची. तानसा आणि भातसा ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं, आणि टँकरला वेळ नसते. हॉर्न वाजला की आई हातातलं टाकून धावते आणि मांडलेला दिवस मोडतो. ही मोडतोडही मांडून ठेवता येते. पाटाच्या कडेला एक रिकामी लहान कळशी कायम ठेवायची. टँकर आला की तीच त्याच्या हातात द्यायची, हातातली वस्तू पाटावर परत ठेवायची आणि त्याला सोबत न्यायचं. परतल्यावर काम तिथूनच पुढे. कळशी अर्धी भरून त्यानं उचलून आणली तर आणखी बरं. ओझं वाहिल्यावर, दळल्या-कांडल्यावर बरीच अशी मुलं शांत होतात, हे थेरपिस्टही सांगतात.

विहिरीपाशी मात्र त्याचा हात सोडू नये. पाण्याची ओढ असलेली आणि हाक मारली तरी न वळणारी मुलं यांत बरीच असतात. तो कोण आणि कोणाचा, हे शेजारच्या घरांनाही ठाऊक असावं.

लग्नसराईसाठी नवा सदरा पाटावर ठेवावा आणि त्याच्यापुढे लगेच घरची उशी, म्हणजे परत यायचं आहे हेही कळेल. डीजेपासून लांब बसावं, जेवून निघावं. नातेवाईक चार दिवस रागावतील.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. त्याआधी आठवडाभर त्याला शाळेच्या फाटकापर्यंत नेऊन आणावं आणि गटसाधन केंद्राच्या विशेष शिक्षकांना पाट, वस्तू, टोपली सगळं दाखवावं. घरी ताटली म्हणजे जेवण असेल, तर वर्गातही पोषण आहाराच्या वेळी त्याच्या हातात ताटलीच द्यायला हवी, आणि ती तशीच घरच्यासारखी.