बोहल्यावरचं कर्ज

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांच्या पेढ्यांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख होता कर्जरोख्यांवर. हाती लागले ते रोखे जाळले गेले. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोहोचलं. सरकारनं चौकशी आयोग नेमला. कुणबी कर्जात का बुडतो, याचं एक उत्तर तेव्हाच्या साहेबलोकांकडे तयार होतं: तो लग्नात पैसा उधळतो. आयोगानं हिशेब तपासले आणि हे उत्तर फारसं मान्य केलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं, की लग्नाचा खर्च ऐपतीपेक्षा जास्त असतो हे खरं, पण लग्न काही दरवर्षी निघत नाही. कर्जाचं मूळ बहुतेक वेळा पोटापाण्यासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी, सरकारी साऱ्यासाठी घेतलेल्या लहान लहान रकमांत असतं.

कर्ज फेडायला घरखर्च कमी करा, असा उपदेश जेव्हा जेव्हा कानावर येतो, तेव्हा मला या आयोगाचा अहवाल आठवतो. उपदेश करणारा सहसा ज्याच्याकडे पैसा आहे तो असतो आणि ऐकणारा ज्याच्या घरात कमी करायला काही उरलेलं नाही तो. शिवाय घरात काटकसर सुरू झाली, की पहिल्यांदा बाईच्या ताटातलं कमी होतं. मग तिची चोळी पुढच्या सणावर जाते, मग मुलीची शाळा. पुरुषाची तंबाखू आणि भावकीतला मान बराच काळ शाबूत राहतो. म्हणून कोणता खर्च कापायचा आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न मला रकमेपेक्षा मोठा वाटतो. सातारा जिल्ह्यात, त्यातही खंडाळ्याच्या अवतीभवती, या प्रश्नाचा दीडशे वर्षांचा मागोवा घेता येतो.

आधी कर्ज वाढायचं कसं, ते पाहू. हिंदू कायद्यातल्या दामदुपटीच्या नियमाप्रमाणे एका वेळी वसूल होणारं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नव्हतं. १८५९ च्या कायद्यानं रोख्याच्या दाव्याला मुदत घातली, ती साधारण तीन वर्षांची. हेतू चांगला होता, की सावकारानं जुनी बाकी वर्षानुवर्षं उकरू नये. झालं उलटं. मुदत संपत आली की सावकार कुणब्याला बोलावून नवा रोखा लिहून घेऊ लागला, आणि व्याजासकट झालेली रक्कम नव्या रोख्यात मुद्दल म्हणून चढू लागली. शंभर रुपये, दरसाल दरशेकडा २४ व्याज, असं धरून पाहा. तीन वर्षांनी १७२. नव्या रोख्याच्या तीन वर्षांनी २९६ च्या आसपास. नवव्या वर्षी ५०९. मधल्या काळात कुणब्यानं एक पैही नवी उचललेली नसते. दामदुपट कागदावर तशीच राहिली, कारण प्रत्येक वेळी मुद्दलच नवं असायचं. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेव्हा सावकारांनी हात सैल सोडला. भाव पडले आणि त्यांनी तोच हात आवळला. त्यात काही तालुक्यांत फेरपाहणी होऊन सारा वाढलेला.

१८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा हे चार जिल्हे त्यात होते, म्हणजे खंडाळाही त्यात आला. कोर्टानं रोख्यावरच्या आकड्यापाशी न थांबता देवघेवीचा मागचा सगळा इतिहास तपासावा, अशी तरतूद त्यात होती. माझ्या मते हा कायदा शहाणा होता. पण कोर्टापर्यंत पोहोचायलाही घरात काहीतरी शिल्लक लागतं.

याच वर्षांत जोतीराव फुले वेगळ्या बाजूनं तोच प्रश्न मांडत होते. त्यांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पूर्ण केला. शेतकऱ्याच्या घरात मूल जन्मल्यापासून माणूस मरेपर्यंत प्रत्येक संस्काराला कोण कसा पैसा काढून नेतो, हे त्यांनी त्यात एकेक करून दाखवलं, आणि लग्नासाठी सावकाराच्या दारी गेलेला शेतकरीही. आयोग म्हणतो लग्न हे मूळ नव्हे, जोतीराव म्हणतात लग्नात शेतकरी नागवला जातो. वरवर हे परस्परविरोधी वाटतं. मला दोन्ही खरं वाटतं. आयोगानं लग्नाचा खर्च वर्षांवर वाटून पाहिला. जोतीरावांनी तो खर्च ज्या दिवशी उभा राहतो तो दिवस पाहिला. बियाण्यासाठी कर्ज काढणारा निदान दोन सावकारांकडे विचारून पाहू शकतो. लग्न ठरलेलं आहे, मुहूर्त धरलेला आहे, पाहुण्यांना सुपारी गेली आहे, अशा वेळी जो बाप सावकाराच्या ओट्यावर बसतो, तो सांगितलेल्या कागदावर अंगठा उठवतो. तिथं घासाघीस नसते. जुनी, थकलेली, अर्धीमुर्धी फेडलेली बाकीही त्याच दिवशी नव्या रोख्यात गुंडाळली जाते.

खंडाळा तालुक्यातलं नायगाव हे सावित्रीबाईंचं माहेर. खंडोजी नेवसे पाटलांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी त्यांचा जन्म झाला आणि १८४० साली त्यांचं जोतीरावांशी लग्न झालं. त्यांच्या शाळांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. लग्नाच्या खर्चाशी त्यांचा जो संबंध आहे, त्याबद्दल मात्र नायगावच्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच ऐकू येतं.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबरला, समाजाच्या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. वर सीताराम जबाजी आल्हाट; वधू राधा, सावित्रीबाईंच्या मैत्रीण बजूबाई निंबणकर यांची मुलगी. सावित्रीबाईंनी यात पुढाकार घेतला होता. भटजी नव्हता, हुंडा नव्हता, खर्च जवळपास पानसुपारीपुरता. मंगलाष्टकं जोतीरावांनीच रचलेली होती आणि त्यांत स्त्रीच्या हक्कांची मागणी आणि वरानं द्यायचं वचन होतं. पुढच्या वर्षी ७ मे १८७४ रोजी ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचं लग्न याच पद्धतीनं, विरोधाच्या वातावरणात पार पडलं. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव-सावित्रीबाईंचा दत्तक मुलगा यशवंत याचं लग्न झालं ते याच ससाण्यांच्या मुलीशी. ज्या बापानं स्वतःचं लग्न साधेपणानं केलं, त्यानं मुलीचंही तसंच केलं. काटकसर दुसऱ्या पिढीत गेली ती अशी.

या लग्नांना निव्वळ काटकसर म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. ज्या खर्चामागे कुणाचा तरी हक्क सांगितला जातो, तो खर्च नाकारणं म्हणजे तो हक्क नाकारणं. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला १८८४ साली बाळाजी कुसाजी पाटील यांनी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्नं लावली आणि गावच्या जोशानं आपल्या वतनी दक्षिणेसाठी त्यांना थेट कोर्टात खेचलं. दक्षिणा वाचवायची म्हणून वकील लावायची पाळी. एकट्या घराला हे परवडणारं नव्हतं. पाटलांच्या पाठीशी सत्यशोधक समाज उभा होता म्हणून ते टिकले. याच ओतूरहून त्याआधी सात वर्षं, २० एप्रिल १८७७ रोजी, सावित्रीबाईंनी जोतीरावांना दुष्काळाची हकिगत कळवणारं पत्र लिहिलं होतं. लग्नाचा रोखा अंगावर असलेल्या घरावर १८७६-७७ चा तो दुष्काळ कसा कोसळला असेल, याचा विचार केला की साध्या लग्नाचा आग्रह नुसता तत्त्वाचा उरत नाही.

पुढे साताऱ्यात सत्यशोधक जलशांनी हा विचार गावोगाव नेला. त्याच मुशीतून नाना पाटील आले. ३ ऑगस्ट १९०० चा जन्म, वाळवा तालुक्यातलं येडे मच्छिंद्र हे गाव. ते काही वर्षं तलाठी होते. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांच्या पुढच्या कामात या तलाठीपणाचा वाटा मोठा आहे, कारण सातबाऱ्यावर कुणाचं नाव कसं चढतं आणि कसं उतरतं, हे तलाठ्याइतकं कुणाला दिसत नाही. ते ‘गांधी विवाहा’चा प्रचार करत. खादीचे कपडे, गळ्यात हार, थोडके पाहुणे, वाजंत्री-जेवणावळींना फाटा.

१९४२ च्या ‘चले जाव’ चळवळीत सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथे मोर्चे निघाले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला. त्यानंतर १९४३ पासून १९४६ पर्यंत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीत, नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली ब्रिटिशांना समांतर असं प्रतिसरकार चाललं. लोक त्याला पत्री सरकार म्हणत. खंबाटकीचा घाट उतरून वाईच्या हद्दीत शिरलं की कवठे लागतं, ते किसन वीरांचं गाव. या सरकारच्या प्रमुख नेत्यांतले ते एक. शेणोलीला लुटलेली रेल्वे, धुळ्याला लुटलेला खजिना, या हकिगती सगळ्यांना पाठ आहेत. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गावोगावची न्यायदान मंडळं. जमिनीचे, गहाणखतांचे, घरगुती वाद तिथं सुटत. सावकारी जाचाला आळा घालायचा, दारू बंद करायची आणि लग्नं गांधी पद्धतीनं लावायची, ही तिन्ही कामं एकाच यंत्रणेनं एकाच वेळी हाती घेतली. १९४५ साली कुंडलला या सरकारच्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड यांचं स्वतःचं लग्नही याच पद्धतीनं झालं.

दीडशे वर्षांतला हा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याचं कारण साधं आहे. कर्जाची दोन टोकं असतात, एक घेणाऱ्याच्या घरात, दुसरं देणाऱ्याच्या पेढीवर. आयोगानं आणि १८७९ च्या कायद्यानं पेढीचं टोक धरलं. उपदेशकांनी फक्त घराचं धरलं. पत्री सरकारनं दोन्ही धरली. शिवाय नियम साऱ्या गावाला सारखा होता. शेजाऱ्यानं तीनशे पानं उठवली म्हणून आपण चारशे उठवायची, हे दडपणच नाहीसं झालं. गरीब बापाला साधं लग्न करताना मान खाली घालावी लागली नाही, कारण ऐपतदाराचंही लग्न तसंच लागत होतं.

स्वातंत्र्याच्या सुमारास १९४६ चा मुंबई सावकारी कायदा आला, नंतर सहकारी सोसायट्या वाढल्या, पीककर्ज मिळू लागलं. सोसायटी खतासाठी कर्ज देते, हळदीसाठी देत नाही. त्यामुळे लग्नाचा बाप पुन्हा खासगी सावकाराकडेच वळला आणि गांधी विवाह हळूहळू जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणीत गेले.

आज खंडाळा तालुक्याचं रूप पालटलं आहे. पुणे-बंगळूर महामार्ग, शिरवळची औद्योगिक वसाहत, लोणंदचा कांद्याचा बाजार. जमिनी गेल्या त्यांच्याकडे एकरकमी पैसा आला, आणि ज्यांच्या गेल्या नाहीत त्यांच्यावर त्या पैशानं मांडलेल्या लग्नांची बरोबरी करायची वेळ आली. साखरपुडा आता लग्नाएवढा होतो. महामार्गाकडेची मंगल कार्यालयं, डीजे, फोटोवाला, ड्रोन, दोन्हीकडचे आहेर. खासगीत महिना पाच टक्क्यांनी दोन लाख उचलले तर नुसतं व्याज महिन्याला दहा हजार होतं. कंपनीतल्या कंत्राटी कामगाराच्या पगाराचा किती भाग त्यात जातो, हे त्याच्या बायकोला विचारावं.

पगार आला की हप्ता, दूध, किराणा, क्लासची फी, यांत तीच ओढाताण करते. चहात दूध कमी घालून, तेलाची पिशवी पुरवून पुरवून वापरून ती महिन्याला पाचशे-सातशे वाचवते. महिन्याला दहा हजार व्याज असेल, तिथं ही बचत वर्षाला एका महिन्याचंही व्याज भरत नाही. ती करते ते कमी आहे म्हणून नव्हे. खर्च ठरवताना तिला विचारलेलंच नसतं.

म्हणून म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा अनुभव मला इथं जवळचा वाटतो. माण तालुक्यातली ही बँक १९९७ साली चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकारानं उभी राहिली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं नाकारला, कारण सभासद बायका अंगठेबहाद्दर होत्या. त्या लिहायला शिकल्या, परत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी दाखवली. रोख्यावर नऊ वर्षांत शंभराचे पाचशे कसे होतात, हे १८७५ च्या कुणब्याला कुणी मांडून दाखवलं नव्हतं. म्हसवडच्या बायका तोच हिशेब स्वतः करत होत्या. बचतगटातही माझ्या दृष्टीनं पैशाइतकंच मोल या हिशेबाला आहे, आणि दहा जणींसमोर तो मोठ्यानं वाचला जातो याला.

२०२५ साली पुणे जिल्ह्यातल्या एका विवाहितेच्या, हुंड्याच्या छळातून झाल्याचा आरोप असलेल्या मृत्यूनं महाराष्ट्र हादरला. त्यानंतर पुण्यात, अहिल्यानगरात मराठा समाजाच्या बैठका होऊन लग्नाची आचारसंहिता मांडली गेली: पाहुणे मोजके, डीजे नको, प्री-वेडिंग नको, हुंडा नको. अनेकांनी ती फार मनावर घेतली नाही. मला ती मनापासून हवी आहे, कारण हा खर्च एकट्या घरानं कमी करायचा म्हटलं तर त्याला नावं ठेवली जातात, गावानं मिळून ठरवलं तर नाहीत. पण या संहितेत देणाऱ्याचं टोक सुटलेलं आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्यानं बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकाला दिला आहे. गावाच्या बैठकीत लग्नाचे नियम वाचले जातील, तेव्हा याच कायद्याचा अर्ज कसा करायचा तेही वाचलं जावं. आणि दोन्ही घरांनी लग्नासाठी कुणाकडून, किती टक्क्यांनी, किती उचलले, हे याद्या करताना सांगणं बंधनकारक असावं. नवरीसमोर सांगावं, कारण पुढे ते व्याज तिच्याच संसारातून जाणार असतं.