तीनशे अकराचा चौथा हिस्सा

३११ ला ४ ने भागलं की ७७.७५ येतात. श्रीरामपूरच्या झहीर खानने सव्वातेरा वर्षांत, ९२ कसोटींमध्ये ३११ बळी घेतले. आणि २००६ च्या एकाच उन्हाळ्यात, वूस्टरशर काउंटीकडून चॅम्पियनशिपमध्ये ७८! म्हणजे कसोटीतल्या अख्ख्या कमाईच्या चौथ्या हिश्श्याएवढं पीक एका हंगामात. काउंटीची तुलना कसोटीशी होत नाही, वूस्टरशर तर तेव्हा दुसऱ्या विभागात होतं, हे खरं. पण झहीर तिथे गेला तेव्हा भारतीय संघातली त्याची जागा गेलेली होती, वय सत्तावीस होतं, आणि वेगवान गोलंदाजाला त्या वयात फार वेळ उरत नाही.

त्या काळी चॅम्पियनशिपमध्ये प्रत्येक काउंटीचे १६ सामने असत, प्रत्येक चार दिवसांचा. पूर्ण चालले तर ६४ दिवस. एवढी गोलंदाजी करायची तर अंग जपून, डोकं चालवूनच करावी लागते. झहीरने रन-अप आखूड केला आणि नुसत्या वेगावर विसंबणं सोडलं. सॉमरसेटविरुद्ध पदार्पणातच दहा बळी घेतले. वूस्टरशरसाठी शंभरहून अधिक वर्षांत हे कुणाला जमलं नव्हतं. चेम्सफर्डला एसेक्सचे पहिले नऊच्या नऊ फलंदाज त्यानेच बाद केले. दहावा डॅरेन गॉफ. त्याचा झेल यष्टीरक्षकाच्या हातून सुटला, आणि आकडा ९/१३८ वर थांबला. तो झेल बसता तर एका डावात दहाही बळी घेणारा वूस्टरशरचा तो पहिला गोलंदाज ठरला असता. मला अजूनही त्या झेलाची हळहळ वाटते.

गोलंदाजाची मेहनत बळींच्या रकान्यात मावत नाही. कसोटीत त्याने १८,७८५ चेंडू टाकले, एकदिवसीय सामन्यांत १०,०९७. बेरीज २८,८८२. हिशेबापुरता रन-अप वीस मीटर धरू. नुसतं धावणंच ५७७ किलोमीटर होतं. हिंगोली-वाशिम रस्त्यावरच्या कनेरगाव नाक्यावरून निघालेला माणूस एवढ्यात मुंबईत पोचेल. प्रत्येक चेंडूनंतर तेवढंच अंतर चालत मागे जायचं, म्हणजे मुंबईहून पुन्हा नाक्यावर. नो-बॉल, नेटमधला सराव आणि काउंटीचा तो सगळा उन्हाळा यात धरलेलाच नाही.

परदेशी जाऊन असं उभं राहणं इतर खेळांतही घडलं आहे. अमेरिकन बेसबॉलपटू सेसिल फील्डरने १९८८ मध्ये टोरांटोकडून ९ होम रन मारले होते. पुढच्या वर्षी तो जपानच्या हानशिन टायगर्सकडे गेला आणि ३८ मारून आला. १९९० मध्ये डेट्रॉइटकडून ५१.

झहीर २००६ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर भारतीय संघात परतला. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला त्याने ४/५९ आणि ५/७५ अशी कामगिरी केली, तीन कसोटींत १८ बळी घेतले, आणि भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली. २००३ च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या होत्या. सात षटकांत ६७, बळी एकही नाही. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याची पहिली पाच षटकं अशी होती: तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी. शेवटच्या षटकांत मार बसला आणि आकडा ६० धावांवर गेला, पण त्या स्पर्धेतले त्याचे बळी २१ झाले. शाहिद आफ्रिदीचेही तेवढेच. त्यांच्यापुढे कुणी नव्हतं.