नाव कमी करायचं राहून गेलं

लॅपटॉप सुरू होताना एफ १२ दाबलं की बूटची यादी येते. भाचीच्या लॅपटॉपवर त्या यादीत सिस्टिमच्या चार ओळी होत्या : फेडोरा, विंडोज बूट मॅनेजर, उबुंटू आणि पुन्हा उबुंटू. पहिलं उबुंटू निवडलं की पडदा क्षणभर काळा व्हायचा आणि यादी परत समोर यायची. दुसरं निवडलं तर डाव्या कोपऱ्यात ‘ग्रब’ एवढा शब्द उमटायचा आणि पुढे कर्सर लुकलुकत राहायचा.

“मामा, उबुंटू मी मागच्या सेमिस्टरलाच उडवलं,” ती म्हणाली. “पार्टिशनच डिलीट केलं. मग अजून दिसतंय कसं?”

प्रश्न रास्त होता. जुन्या बायोसच्या काळी तो पडला नसता. तेव्हा डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये सुरुवातीच्या कोडला जेमतेम ४४६ बाइट मिळायचे. नंतर आलेली सिस्टिम बहुधा आधीच्या सिस्टिमचा कोड पुसून तिथे आपला लिहायची. बायोसच्या जागी यूईएफआय फर्मवेअर आल्यावर प्रत्येक सिस्टिमला स्वतःची जागा मिळाली, तीही दोन ठिकाणी. डिस्कवरच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये तिचं फोल्डर असतं आणि मदरबोर्डवरच्या चिपमध्ये तिची नोंद. ही चिप म्हणजे डिस्क नव्हे. डिस्क फॉरमॅट केली, काढून दुसऱ्याला दिली, तरी नोंद जागच्या जागी. सातबाऱ्यावर मयताचं नाव राहतं तसंच हे. माणूस गेला म्हणून नाव आपोआप जात नाही, ते कमी करून घ्यावं लागतं.

फेडोरात टर्मिनल उघडून ईएफआयबूटएमजीआर ही कमांड दिली. सगळ्यात वर, आत्ता कोणत्या नोंदीवरून मशीन सुरू झालंय त्याचा क्रमांक. त्याखाली बूटचा क्रम. मग एकेक नोंद : चार अंकी क्रमांक, चालू असल्याची चांदणी, नाव, आणि पुढे ती नोंद कुठल्या पार्टिशनवरच्या कुठल्या फाइलकडे बोट दाखवते तो लांबलचक पत्ता. मी ही यादी आधी वहीत उतरवून घेतो. फोटोही चालतो, पण हाताने लिहिताना प्रत्येक ओळ वाचली जाते.

नाव वाचून नोंद काढायची नसते, पत्ता वाचून काढायची असते. इथे नाव एकच असलेल्या दोन नोंदी होत्या, म्हणून डिस्कवरच्या पार्टिशनांचे ओळखक्रमांक दुसऱ्या कमांडने काढले आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. पहिल्या उबुंटूचा क्रमांक डिस्कवर कुठेच नव्हता. भाचीला तेव्हा आठवलं : सुरुवातीला तिने मैत्रिणीच्या बाहेरच्या एसएसडीवर उबुंटू टाकून पाहिलं होतं. एसएसडी परत गेली, नोंद राहिली. दुसऱ्या उबुंटूचा पत्ता मात्र जुळला. ईएफआय पार्टिशनमध्ये त्याचं फोल्डर शाबूत होतं. त्यातला ग्रब हा बूटलोडर सुरू व्हायचा, आपलं मूळ पार्टिशन शोधायचा, ते न सापडल्यामुळे तिथेच थांबायचा.

नोंद काढण्याची कमांड लहानशी आहे : डॅश आणि लहान बी, मग नोंदीचा क्रमांक, मग डॅश आणि कॅपिटल बी. लहान बी नोंद निवडतो, कॅपिटल बी ती काढतो. “खरंच काढू का?” असं कोणी विचारत नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी क्रमांक वहीतल्या ओळीशी मोठ्याने वाचून पाहावा. आम्ही तसंच केलं. यादीत दोनच नावं उरली.

दोन दिवसांनी भाचीचा फोन : “उबुंटू परत आलं.” एकच आलं होतं, दुसरं. आदल्या रात्री तिने एफ १२ च्या यादीतून थेट डिस्कच्या नावाने मशीन सुरू केलं होतं. तसं केलं की फर्मवेअर ईएफआय पार्टिशनमधल्या ‘बूट’ नावाच्या फोल्डरकडे जातो. फेडोरा तिथे एक मदतनीस फाइल ठेवते. तिचं काम हरवलेल्या नोंदी परत लिहिणं. ती शेजारची फोल्डरं धुंडाळते, त्यात सीएसव्ही फाइल दिसली की त्या सिस्टिमची नोंद चिपमध्ये नव्याने करते. तिने आपलं काम चोख केलं होतं. चूक माझी होती. नोंद काढली आणि फोल्डर तसंच ठेवलं.

मग ईएफआय पार्टिशनमधलं उबुंटूचं फोल्डर आधी पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं, नंतर काढलं आणि नोंद पुन्हा कमी केली. मायक्रोसॉफ्टचं, फेडोराचं आणि ‘बूट’ या नावाचं फोल्डर, या तिन्हींना हात लावला नाही. लॅपटॉप कंपनीचं फोल्डर असेल तर तेही सोडावं. विंडोजमधूनही हे काम होतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून माउंटव्हॉलने ईएफआय पार्टिशनला अक्षर देता येतं आणि बीसीडीएडिटने फर्मवेअरच्या नोंदी दिसतात. मला मात्र लिनक्सची यादी वाचायला अधिक सरळ वाटते.

भाचीच्या यादीत आता सिस्टिमच्या दोनच ओळी आहेत. डिस्कच्या नावाने तीनदा सुरू करून पाहिलं, उबुंटू परतलं नाही.

तुम्हीही दुसरी सिस्टिम काढणार असाल तर पार्टिशन पुसण्याआधी एफ १२ मधून विंडोज स्वतंत्रपणे सुरू होतंय ना, एवढं पाहून घ्या. आणि त्यावर बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा. बूटची व्यवस्था बदलली की विंडोज ती मागू शकतं, आणि त्या वेळी ती त्याच बंद लॅपटॉपमध्ये असून उपयोग नाही.