समुद्रावरील मोटरसायकल आणि तिचे दुखणे

उन्हाळा लागला की अश्दोदच्या किनाऱ्यावर लाटा कापीत धावणारी लहान यंत्रे दिसू लागतात. इब्री भाषेत त्यांना 'ओफनोआ याम', म्हणजे समुद्रावरील मोटरसायकल, असे सार्थ नाव आहे. आपल्या समाजातील काही तरुणांनीही ती घेतली आहेत. पूर्वीच्या अशा यंत्रांत कार्बुरेटर असे; आता बहुतेकांत चार-स्ट्रोक इंजिन व संगणकाच्या आज्ञेने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर असतात. यंत्र सुधारले, पण ते बिघडले म्हणजे मालक अधिकच गोंधळतो.

गेल्या उन्हाळ्यात माझा भाचा धाकट्या मुलीला मागे बसवून समुद्रात गेला होता. वेग वाढविताच इंजिन गुदमरले आणि बंद पडले. वारा त्यांना बंधाऱ्याच्या दगडांकडे लोटू लागला. सुदैवाने एका होडीने दोर टाकून त्यांना ओढून आणले. पुढे एका दुरुस्तीवाल्याने फारशी तपासणी न करताच तिन्ही इंजेक्टर बदलावयास सांगितले. भाचा म्हणाला, "मामा, पैसे भरीन, पण पोरीला पुन्हा त्यावर बसविण्याचा धीर कसा व्हावा?"

प्रस्तुत लेखकाचे आयुष्य इंजिनांच्या संगतीत गेले आहे. आम्ही दोघांनी यंत्र तपासावयास घेतले.

प्रथम बैठक काढून आतील जागा चांगली हवेशीर केली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती तळाशी साचते व एका ठिणगीने पेट घेते. ही खबरदारी कोणीही विसरू नये.

मग पहिला प्रश्न: दोष इंजिनाचा की पंख्याचा? इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, असे असेल तर पाणी फेकणाऱ्या पंपात शेवाळ वा दोर अडकला आहे का, पंख्याची पाती झिजली आहेत का, ते पाहावे. येथे फेरेच घसरत होते. म्हणजे दोष इंजिनाकडे होता.

बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली होती. प्लग काढून पाहिले. प्लग पेट्रोलने ओला असेल तर ठिणगीचा संशय घ्यावा. कोरडा असेल तर इंधन पोहोचत नाही असे समजावे. आमचे प्लग कोरडे होते. टाकीतील थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन स्थिर ठेवले. पाणी असते तर ते तळाशी वेगळे दिसले असते. पण पेट्रोल स्वच्छ होते. किल्ली लावताच इंधनपंपाची क्षणभर गुणगुण ऐकू आली, मात्र ती क्षीण होती.

म्हणून बागेतील नळीने पाणी देऊन इंजिन चालविले व इंधनाचा दाब मोजला. मंद गतीत तो ठीक होता. गती वाढविताच काटा खाली आला. बॅटरीवर १४ व्होल्ट दिसत असता पंपाच्या जोडणीपाशी १० देखील नव्हते. जोडणी उघडली तो आत खारट पाण्याने चढलेला हिरवा गंज! इंजेक्टर निर्दोष होते. पंपालाच पुरेशी वीज मिळत नव्हती. नवी जोडणी बसविताच काटा स्थिर राहिला.

यावरून बोध इतकाच की, मोजमाप केल्याविना महाग भाग बदलू नयेत. समुद्रातून परतल्यावर गोड्या पाण्याने इंजिन धुवावे: आधी इंजिन सुरू करून मग पाणी सोडावे, आणि आधी पाणी बंद करून मग इंजिन थांबवावे. हा क्रम उलटल्यास पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. विजेच्या जोडण्या दरवर्षी उघडून पाहाव्या.

भाच्याने प्रथम एकट्याने किनाऱ्यालगत तीन वेळा फेरी मारली. चौथ्या वेळी तारण-जाकीट घालून मुलगी मागे बसली. आम्ही वाळूवर उभे राहून इंजिनाचा आवाज ऐकत होतो. तो एकसारखा होता.