बॅरोची विराट, मुंबईची त्रिंकोमाली

८ ऑक्टोबर २०२५ हा दिवस आम्हा नवी मुंबईकरांच्या लक्षात राहिला तो विमानतळाच्या उद्घाटनामुळे. त्याच सकाळी ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर मुंबईत उतरले होते. त्याच आठवड्यात पश्चिम किनाऱ्यापुढच्या समुद्रात ब्रिटनची ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ आणि आपली ‘विक्रांत’ या विमानवाहू नौका एकत्र सराव करत होत्या. या सरावाचं नाव ‘कोकण’. दोन्ही नौदलं तो २००४ पासून करत आली आहेत, पण दोन्हीकडच्या विमानवाहू नौका त्यात एकत्र उतरल्या त्या तेव्हा पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी दोन्ही देशांच्या पंतप्रधानांची भेट झाली आणि बेलफास्टमध्ये बनणारी हलकी क्षेपणास्त्रं भारताला देण्याचा ३५ कोटी पौंडांचा करार जाहीर झाला.

आमच्या सोसायटीतले एक काका नौदलातून निवृत्त झालेत. त्या दिवशी बाकावर पेपर वाचता वाचता ते म्हणाले, “या दोघींच्या मधे आमची विराट उभी असायला हवी होती. तिला दोन्हीकडची भाषा येत होती.” काकांनी ‘विराट’ या विमानवाहू नौकेच्या बॉयलर रूममध्ये काही वर्षं काढली आहेत. त्यांचं वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून हा लेख.

विराटचा जन्म इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या बॅरो-इन-फर्नेस या गावचा. विकर्स-आर्मस्ट्राँगच्या गोदीत २१ जून १९४४ रोजी तिचा कणा बसवला गेला. महायुद्ध संपलं आणि काम थांबलं. १६ फेब्रुवारी १९५३ रोजी क्लेमेंटाइन चर्चिल यांच्या हस्ते ती पाण्यात उतरली आणि १९५९च्या नोव्हेंबरात ‘एचएमएस हर्मीस’ म्हणून ब्रिटिश नौदलात दाखल झाली. म्हणजे जहाज पुरतं घडायलाच पंधरा वर्षं गेली. त्या पंधरा वर्षांत पंख्यांच्या विमानांची जेट झाली, आणि जहाजाचा आराखडा त्यांच्यामागे धावत बदलत राहिला.

पुढेही तिचं आयुष्य असंच बदलत गेलं. आधी तिच्यावर वाफेच्या दाबानं विमान पुढे फेकणारी कॅटापल्ट होती. सत्तरच्या दशकात कॅटापल्ट काढली आणि हर्मीस कमांडो आणि हेलिकॉप्टर वाहणारी नौका झाली. आज ब्रिटनचे राजे असलेले चार्ल्स तेव्हा युवराज होते, आणि याच डेकवरून ते नौदलाचं हेलिकॉप्टर उडवत. १९८०-८१मध्ये तिच्या नाळेवर बारा अंशांचा चढ बांधला गेला. त्याला नौदलात ‘स्की जंप’ म्हणतात. तिच्यावरचं सी हॅरियर हे विमान सरळ वर उठू शकतं, पण तसं उठताना त्याला फारसं इंधन वा शस्त्रं नेता येत नाहीत. थोडी धाव घेऊन या चढावरून ते हवेत फेकलं गेलं, की वर जाण्याची गती त्याला फुकटात मिळते आणि ओझं वाढवता येतं. एका साध्या लोखंडी चढानं जुन्या जहाजाला नवं आयुष्य दिलं.

ते आयुष्यही थोडक्यात हुकणार होतं. खर्चकपातीसाठी ब्रिटिश सरकारने १९८१मध्ये नौदलाला कात्री लावली आणि हर्मीसची निवृत्ती ठरली. पण २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटं ताब्यात घेतली. तीन दिवसांनी, ५ एप्रिलला, हर्मीस पोर्ट्समथहून निघाली. सुमारे तेरा हजार किलोमीटर दूरच्या त्या युद्धात रिअर अॅडमिरल सँडी वुडवर्ड यांचा मुक्काम तिच्यावर होता आणि ताफ्याला हुकूम सुटत ते तिथूनच. जी नौका मोडीत काढायची होती, तिच्याच आधाराने ब्रिटनने ती बेटं परत घेतली. संरक्षणाच्या वह्यांमध्ये नुसती बेरीज-वजाबाकी करणाऱ्यांनी हे प्रकरण वाचायलाच हवं.

भारताने ती १९८६मध्ये विकत घेतली. प्लिमथजवळच्या डेव्हनपोर्ट गोदीत डागडुजी झाली आणि १२ मे १९८७ रोजी ती ‘आयएनएस विराट’ झाली. कॅप्टन विनोद पसरिचा तिचे पहिले कप्तान. ‘जलमेव यस्य, बलमेव तस्य’ हे तिचं ब्रीद. पाणी ज्याचं, बळ त्याचं. १९८९मध्ये श्रीलंकेतली ‘ऑपरेशन ज्युपिटर’, संसदेवरच्या हल्ल्यानंतरची ‘पराक्रम’ मोहीम, अशा कामांत ती उभी राहिली. भारतीय झेंड्याखाली तिने २,२५२ दिवस समुद्रात काढले आणि ५,८८,२८७ सागरी मैल कापले. आपल्या नौदलात तिला ‘मदर’ म्हणत.

ही आई चालायची कशी, ते काकांकडून ऐकावं. पोटात चार बॉयलर, त्यांच्या वाफेवर फिरणारी टर्बाइन्स, आणि ७६ हजार अश्वशक्ती दोन पंख्यांपर्यंत पोचवणारे दांडे. खाली उतरलं की शर्ट पाठीला चिकटलाच. भट्टीच्या काचेतून ज्योतीचा रंग बघायचा. धूर काळा झाला तर हवा कमी, पांढरा झाला तर जास्त. बॉयलरला लागतं ते अगदी शुद्ध पाणी, आणि ते समुद्राच्या पाण्यापासून जहाजावरच तयार करायचं. “पाणी कमी पडलं की आधी आमची आंघोळ बंद. बॉयलर तहानलेला राहता कामा नये,” काका सांगतात. त्यांच्या उजव्या मनगटावर बोटभर पांढरा डाग आहे. वाफेच्या नळीला एकदा हात लागला होता. तो डाग ते एखादी जुनी ओळख दाखवावी तसा दाखवतात.

२०१६मध्ये कोचीच्या गोदीत तिचे बॉयलर, इंजिनं, पंखे, सुकाणू काढून घेतलं. ऑक्टोबरात ओढनौकांनी तिला मुंबईला आणलं आणि ६ मार्च २०१७ रोजी सूर्यास्ताला तिच्यावरचा झेंडा उतरला. नंतर तीन वर्षांहून अधिक काळ ती नौदल गोदीत उभी होती. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून तो स्की जंप लांबून ओळखू यायचा. मीही तो असा अनेकदा पाहिला आहे.

तिला वाचवायचं ठरलं होतं. १ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांजवळ विराटचं संग्रहालय उभारायला मंजुरी दिली. अंदाजित खर्च ८५२ कोटी. ती योजना पुढे सरकली नाही. शेवटी ३८ कोटी ५४ लाखांना ती भंगारात गेली. १९ सप्टेंबर २०२० रोजी ती मुंबईतून ओढत नेली गेली, आणि गुजरातमधल्या अलंगच्या वाळूवर चढली. फेब्रुवारी २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडकामाला स्थगिती दिली, पण तोवर बरीच तोडफोड झाली होती. स्थगिती टिकली नाही.

आता दुसऱ्या जहाजाकडे वळू. विराट जिथे शेवटची उभी होती, त्याच मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी १८१६मध्ये एका फ्रिगेटचा कणा बसवला. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला. लाकूड मलबारचा साग, कारण ब्रिटनमध्ये ओकचा तुटवडा होता. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते जहाज पाण्यात उतरलं. नाव ‘एचएमएस त्रिंकोमाली’. आज ते इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल इथे आहे आणि पाण्यावर तरंगणारं सर्वांत जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज म्हणून लोक ते तिकीट काढून बघतात. मोडकळीला आलेलं ते जहाज हार्टलपूलला नेलं गेलं १९८७मध्ये, ज्या वर्षी विराट आपल्याकडे आली त्याच वर्षी. १९९० ते २००१ अशी अकरा वर्षं त्याची दुरुस्ती चालली.

आपल्या कारागिरांच्या हातचं जहाज त्यांनी दोनशे वर्षं जपलं. त्यांच्याकडून आलेलं जहाज आपण तीन वर्षं उभं करून ठेवलं आणि मग तोडलं. जुन्या विक्रांतचंही असंच झालं. १९७१च्या युद्धातली ती नौका काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२मध्ये ती धोकादायक म्हणून बंद केली आणि २०१४मध्ये शिवडीच्या दक्षिणेला दारूखान्यात तोडली. अटल सेतूवरून मुंबईत उतरताना तो भाग जवळच असतो.

जहाज जपणं सोपं नाही, हे मान्य. खारं पाणी लोखंड रोज खातं. बुडाला रंग द्यायला सुकी गोदी लागते, नांगरायला शांत खोल पाणी लागतं, आणि तिकिटांतून सगळा खर्च निघत नाही. म्हणूनच निर्णय निवृत्तीनंतर घेऊन चालत नाही. जागा, पैसा आणि सांभाळणारी संस्था या तिन्ही गोष्टी जहाज चालू असतानाच ठरायला हव्यात. निवृत्त ‘आयएनएस गुलदार’ला निवतीच्याच समुद्रात पाण्याखालचं संग्रहालय करण्याचा प्रकल्प आता राज्याने हाती घेतला आहे. हे पाऊल चांगलं आहे आणि ते पुरं व्हावं. पण चढून बघता येईल, बॉयलरला हात लावता येईल असं एक मोठं जहाज या किनाऱ्यावर हवंच.

ते कुठे ठेवायचं, असं विचारणाऱ्यांना मी माझ्या शहराकडे बोट दाखवेन. विमानतळासाठी आम्ही उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. ज्या शहराने नदी हलवली, त्याला एका जहाजापुरती जागा शोधता येते. पुढे कधीतरी नौदलाची ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौकाही निवृत्त होईल. तिच्यासाठीचा विचार आजच सुरू व्हावा, एवढंच मागणं आहे.

काकांच्या कपाटात टोपीची एक काळी फीत आहे, सोनेरी अक्षरांत जहाजाचं नाव असलेली. मी म्हटलं, फ्रेम करून भिंतीवर लावा. ते नको म्हणाले. फीत पुन्हा रुमालात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “संग्रहालय झालं की तिथे देणार आहे.”